माग बंद असताना

अकराला लाईट गेली आणि भद्रावती पेठ गप्प झाली.
आधी आमचे दोन माग, मग शेजारच्या गाजूलांचे चार,
सगळ्यात शेवटी कानातला.

टॉवेल अर्धा. धोटा मधेच, सुतात अडकलेला.
चौथी म्हणाली, नान्ना, रिकामा आहेस तर माझा धडा घे.
पुस्तक हातात दिलं, कुठून ते बोटानं दाखवून.
मी सातवीपर्यंत शिकलोय, तेही तेलुगू शाळेत;
मराठी मला तुटलेल्या धाग्यासारखी
गाठी मारत मारत वाचावी लागते.
गु-ण-सू-त्र.
सूत्र म्हणजे सूतच ना गं?
हो, म्हणाली, तसंच समज.

सूत म्हटल्यावर माझी भीड गेली.

तेवीस जोड्या. बावीस दोघांच्या सारख्याच.
तेविसाव्या जोडीत बाईचे दोन एक्स,
पुरुषाचा एक एक्स, एक वाय.
वाय बुटका, संपत आलेल्या कांडीसारखा.
आई दर खेपेला एक्सच देते,
तिच्याकडे दुसरं काही नसतंच द्यायला.
बापाकडून एक्स आला तर मुलगी,
वाय आला तर मुलगा.
ती पाठ म्हणून दाखवत होती,
मी ओळीवर बोट ठेवून तपासत होतो.
बोट तिथंच राहिलं.

बीमवर ताणा एकाच रंगाचा,
पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत तोच.
पट्टा कुठला उठणार, ते धोट्यात कुठली कांडी आहे त्यावर.
हे मला बाराव्या वर्षापासून माहीत आहे.
पट्टा चुकला म्हणून ताण्याला शिव्या देणारा विणकर
अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही.

मीही शिव्या दिल्या नाहीत.
अव्वा द्यायची. मी माग चालवायचो.

श्रीलता झाली तेव्हा अव्वानं साखर वाटली.
सरोजा झाली तेव्हा साखर महागली होती.
तिसरीला दवाखान्यात कुणी आलंच नाही;
राजमणी ओल्या टाक्यांनी रिक्षातून एकटी घरी आली
आणि दहाव्या दिवशी
मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली.
चौथीचं नाव अव्वानंच ठेवलं, चालम्मा.
आमच्या तेलुगूत चालू म्हणजे पुरे.
शाळेत मास्तर हसले, म्हणाले,
मराठीत चालू म्हणजे सुरू,
चांगलं नाव आहे, राहू द्या.

ती पुढचं सांगत होती,
प्रत्येक वेळी निम्मी निम्मी शक्यता, नान्ना.
आधी काय झालं ते पुढच्या खेपेला आठवत नसतं.
कुणी ठरवत नाही. तूसुद्धा नाही.
परीक्षेला एवढंच विचारतात.

एवढंच.
कांडी निवडणारा हात कुणाचाच नाही, हे मला पटलं.
पण धोटा सुटत होता तो माझ्या बाजूनं, चारही वेळा,
आणि छाट निघत होती तिची,
कारखान्यात वाकड्या विडीची निघते तशी,
डोळ्यांदेखत, मोजून.

राजमणी उंबऱ्यात, उजेडाला बसलेली.
पान, तंबाखू, दोरा, नखानं तोंड बंद.
मी पुस्तक घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो,
गृहपाठ न केलेल्या पोरासारखा.
म्हटलं, ऐकलंस का, हे माझ्याकडून असतं.
तिनं वर पाहिलं नाही.
चोवीस, पंचवीस, जुडी बांधली, सुपात टाकली.
मग म्हणाली,
दुसऱ्या वेळीच सांगितलं होतं मला नर्सबाईनं.
मी त्याच रात्री तुला सांगितलं.
तू मान हलवलीस.

माग चालू होता.